शिगेची पायली

मृग जवळ आला की पोलादपूरच्या खोऱ्यात उकाडा असह्य होतो, सावित्रीचे पात्र दगडगोट्यांपुरते उरते आणि घरोघर आगोटीची लगबग सुरू होते. आगोट म्हणजे पावसाळ्याची बेगमी. पडवीला आडोसा बांधायचा, शेणी आणि सरपण माळ्यावर चढवायचे, सुकट-बोंबील पुन्हा एकदा उन्हात खडखडीत करून मडक्यात भरायचे. शेवटी कणगीतला तांदूळ. दिवाळीला घरात आलेले भात आषाढ-श्रावण ओलांडून नव्या पिकापर्यंत पुरवायचे असल्याने आई तो पायलीने मापून पाही आणि मापता मापता दोन वाटे बाजूला काढी. एक वर्षावासात विहारासाठी. दुसरा कुणासाठी, हे ती सांगत नसे.

मी तेव्हा आपल्या शाळेत आठवीत होतो. सुट्टीचे शेवटचे दिवस होते; वसतिगृहात न्यायची पत्र्याची ट्रंक अर्धी भरून झाली होती. तिन्हीसांजेला वरच्या वाडीतली एक बाई पडवीच्या कोपऱ्याशी येऊन उभी राहिली. पदराखाली रिकामी टोपली होती. त्या वाडीच्या विहिरीत माझ्या आजोबांना कधी पोहरा सोडता आला नव्हता. वरून कुणी ओतील तेवढेच पाणी त्यांच्या वाट्याचे. बाईने येण्यासाठी अंधाराची वेळ का निवडली, तेही मला कळत होते.

आईने पायली कणगीत बुडवली, वर टोकदार शीग चढवली आणि टोपलीत रिती केली. त्याच वर्षी २० मार्चला मी वसतिगृहात चवदार तळ्याच्या १९२७ च्या सत्याग्रहावर भाषण करून टाळ्या मिळवल्या होत्या. मला राहवले नाही. "यांच्या विहिरीवर आजोबांना..." मी बाईसमोरच बोललो. ती खाली पाहू लागली.

"पाऊस काय आपल्याच घरावर पडनार हाय?" आई म्हणाली आणि दुसऱ्या पायलीच्या शिगेवर आणखी एक मूठ टाकली.

त्या रात्री मी जेवलो नाही. माझा राग खोटा नव्हता. आजही मी तो खोटा मानत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत ती बाई नवा तांदूळ घेऊन आली. आईने पायली भरली, तळहाताने शीग उतरवली आणि ते दाणे तिच्याच टोपलीत परत सोडले. दुसरी पायलीही तशीच. दोघी एक शब्द बोलल्या नाहीत. देताना शिगेची, घेताना सपाट, असा आईचा हिशेब कायम तोट्याचा.

महाडजवळच्या गांधारपाले लेण्यांत गेलो की ती कणगी आठवते. कोरीव खोल्या आणि पाण्याची टाकी पाहून लोक शिल्पींचे कौतुक करतात, ते योग्यच. पण आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत एका जागी राहणाऱ्या भिक्खूंसाठी खालच्या गावांतल्या कुणा बायांनी आपल्या बेगमीतून वाटा काढला असेलच ना? त्यांचा शिलालेख कोण कोरणार!

२२ जुलै २०२१ ला महाड बुडाले. त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली. आमच्या घरात चिखल मांडीएवढा होता. पुढच्या दिवसांत आम्ही काही जण मदतीचा तांदूळ वाटत होतो. एका आजीने सवयीने पदर पसरला. माझ्या हातातले पाकीट सीलबंद, तोलून भरलेले. शीग कुठे लावणार? मी दुसरे पाकीट उचलले, तेव्हा सोबत्याने यादीकडे बोट दाखवले. तो बरोबर होता, मागे रांग मोठी होती. मी पाकीट खाली ठेवले. आजी मात्र डोळ्यांसमोरून जात नाही.

आईची पायली त्या चिखलातून धुऊन काढली. काठाला पोचा आला आहे, गंजाचा डाग गेलेला नाही. यंदा मृगाआधी विहाराचा वाटा मापायला मुलीला बसवले. पायली काठोकाठ भरल्यावर तिने विचारले, "बाबा, थांबू?"

"अजून घाल," मी म्हणालो, "सांडेपर्यंत."