शपथ घेऊ नकोस, नुसता ये

चि. संदीप,

परवा ताईचा फोन आला होता. बराच वेळ ती नुसती रडत राहिली. मग म्हणाली, "आषाढीला घातलेली माळ काढून त्यानं देवघरात ठेवली रे." मला पुढचं सांगावं लागलं नाही. प्यायची वेळ आली की आधी माळ उतरवायची, हे मी दोनदा केलं आहे.

माझी दारू सुटून अकरा वर्षं झाली. त्याआधी आईच्या पायांवर हात ठेवून किती शपथा घेतल्या, त्याची मोजदाद नाही. घेताना प्रत्येक शपथ खरी होती. मोडली की लाज वाटायची, आणि ती लाज सोसायला पुन्हा बाटली लागायची. तुझंही हेच चाललंय ना? म्हणून मी तुझ्याकडे शपथ मागत नाही. एक संध्याकाळ मागतोय.

एका डॉक्टरांनी मला अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा, म्हणजे एएचा, नंबर चिठ्ठीवर लिहून दिला होता. ती चिठ्ठी तीन महिने पाकिटात चुरगळत राहिली. एका रविवारी कसाबसा फोन लावला. पलीकडच्या माणसानं ना आडनाव विचारलं, ना किती पितोस ते. "सात वाजता शाळेच्या फाटकापाशी थांबतो, सोबतच आत जाऊ," एवढंच म्हणाला. आणि खरंच थांबला.

शाळेचा वर्ग होता. लहान मुलांच्या बाकांत गुडघे अडकत होते. आत ओळखीचं कुणी असेल या धास्तीनं मी दारातच घुटमळलो, आणि ओळखीचा एक चेहरा निघालाच. तो कुणाचा, हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. तुलाही सांगणार नाही. तिथे दिसलेला माणूस आणि ऐकलेली गोष्ट तिथेच ठेवायची असते. तुझीही तशीच राहील.

एकेक जण उठतो, फक्त नाव सांगतो, "मी अल्कोहोलिक आहे" म्हणतो आणि स्वतःचं बोलतो. याला शेअरिंग म्हणतात. मध्ये कुणी तोडत नाही, नंतर कुणी सल्ला देत नाही. "आज फक्त ऐकतो" म्हटलं तरी चालतं. मी पहिल्या चार मीटिंगा तेवढंच म्हणालो. फी नाही. खर्चासाठी पिशवी फिरते, नव्या माणसानं तिच्यात काही टाकायची गरज नसते. अट एकच: दारू सोडायची इच्छा. आणि जन्मभराचं वचन कुणी मागत नाही. आजचा दिवस प्यायचं नाही, उद्याचं उद्या.

हे सुरू कसं झालं, तेही ऐक. मे १९३५. न्यू यॉर्कचा बिल विल्सन व्यवसायाच्या कामासाठी अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी आला होता. दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले. काम फसलं. हॉटेलच्या लॉबीत एका बाजूला बार, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. त्यानं फोन उचलला आणि चर्चना फोन करत गेला, कारण स्वतः न पिता राहायचं तर दुसऱ्या दारुड्याशी बोलायला हवं, हे त्याला उमगलं होतं. त्यातून डॉ. बॉब स्मिथ या सर्जनची गाठ पडली. पंधरा मिनिटं द्यायला आलेले बॉब काही तास बसले. त्यानंतरही ते एकदा प्यायले! १० जून १९३५ ला त्यांनी शेवटचा घोट घेतला, आणि तोच दिवस एएचा वाढदिवस मानतात. तेव्हा माळ उतरली म्हणून सगळं संपलं, असं मनात आणू नकोस.

तू इंजिनिअर, पुरावा मागशील. २०२० साली कॉक्रेन या संस्थेनं २७ अभ्यास तपासले. सलग दारूपासून दूर राहण्यात एएकडे नेणारे उपचार इतर उपचारांपेक्षा सरस ठरले.

एक मात्र नीट ऐक. तू रोज पितोस. अचानक, मनानेच बंद केलीस तर हात थरथरणं, फिट येणं, भ्रम होणं, असं जिवावरही बेतू शकतं. आधी डॉक्टरांना दाखव, मी सोबत येतो. दाखल व्हावं लागलं तर आपल्या पुण्यात येरवड्याला मुक्तांगण आहे. डॉ. अनिता अवचटांनी १९८६ साली ते उभं केलं. रात्रीबेरात्री काही वाटलं तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे. सूनबाईलाही एकटी ठेवू नकोस. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन आहे, मुक्तांगणमध्ये पत्नींचा 'सहचरी' गट आहे. तिनंही खूप सोसलंय, तिलाही बोलायला माणसं हवीत.

येत्या रविवारी सात वाजता त्याच फाटकापाशी मी उभा असेन. तुझ्यावर उपकार करायला येतोय असं समजू नकोस. अकरा वर्षं झाली तरी माझाही हिशेब रोज नव्यानं सुरू होतो. बिलला त्या दिवशी डॉ. बॉबची जेवढी गरज होती, तेवढीच मला तुझी आहे. तू शेजारच्या बाकावर बसलास, तर माझाही तो दिवस निभावेल.

माळ देवघरात आहे ना? राहू दे तिथेच. तू ये.

तुझा,
मामा