१४ विजेते की ५६?

अहो, २२४ पोरं! १४ वजनगट, प्रत्येक गटात १६ मल्ल आणि एका संध्याकाळी ११२ कुस्त्या! इंडियानापोलिसचं गेनब्रिज फील्डहाउस एरवी पेसर्स या बास्केटबॉल संघाचं घर. पण फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी तिथं इंडियाना राज्याची हायस्कूल कुस्ती उतरते, आणि सांगलीकडं यात्रा-जत्रांची मैदानं बघत वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाचीही छाती दडपते. वर प्रेक्षकांत आज्या काय, पाळण्यातली बाळं काय, शाळेच्या रंगाचे सदरे घालून आलेली अख्खी गावं काय! खाली एका मॅटवर पट निघतोय, दुसरीवर कुणी चितपट होतंय, तिसरीवर शिट्टी वाजतेय, आणि नेमकं बघायचं कुठं हे कळत नाही. नियम असा कडक की शुक्रवारी हरला तो गेलाच. ११२ जण शनिवारी क्रमांकासाठी पुन्हा उतरणार, ११२ जणांचा हंगाम तिथंच संपला.

मला हे सगळं समजावून सांगत होता माझा भाचा. तिथल्याच एका हायस्कुलात शिकतो, १२० पौंडांत, म्हणजे साधारण ५४ किलोत खेळतो. “मामा, इथवर येणंच मोठं असतं,” तो म्हणाला आणि बोटांवर पायऱ्या मोजायला लागला. आधी ३२ सेक्शनल, त्यातून १६ रीजनल, मग ४ सेमी-स्टेट आणि शेवटी हे स्टेट. आपल्या शालेय स्पर्धांची तालुका, जिल्हा, विभाग, राज्य ही शिडीच की! सेमी-स्टेटला पहिल्या चारांत आलं तरच राजधानीचं दार उघडतं, म्हणून तिथल्या दुसऱ्या फेरीच्या कुस्तीला पोरं ‘तिकीट राउंड’ म्हणतात. जिंकला तर तिकीट, हरला तर घर. त्या एका कुस्तीसाठी पोरं वर्षभर घाम गाळतात.

पण मी चक्रावलो ते वेगळ्याच गोष्टीनं. फलकावर प्रत्येक नावापुढं शाळेचं नाव होतं. एका बाजूला कार्मेलसारखी ५,००० हून जास्त विद्यार्थ्यांची शाळा, आणि त्याच तक्त्यात मक्याच्या शेतांमधल्या, काही शे मुलांच्या शाळा! एकाच गटात, एकाच सुवर्णपदकासाठी! मी म्हटलं, “अरे, हा कुठला न्याय? त्या मोठ्या शाळेला पोरं निवडायला केवढा वाव!”

भाचा शांतपणे म्हणाला, “वजन तर सारखंच आहे ना, मामा?”

झालं! त्या एका वाक्यानं मला असं काही झपाटलं की घरी आल्यावरही मी अमेरिकेतल्या एकेका राज्याची स्पर्धा कशी विभागलीय तेच शोधत बसलो. आणि काय सांगू, प्रत्येक राज्याचा न्याय निराळा! इंडियानात शाळांचे वर्ग नाहीत, म्हणून मुलांच्या स्पर्धेत वर्षाला १४ विजेते. शेजारच्या ओहायोत शाळांचे तीन वर्ग, म्हणजे ४२. मिशिगनमध्ये चार वर्ग, म्हणजे तब्बल ५६! कुस्तीवेड्या आयोवाची लोकसंख्या जेमतेम ३२ लाख, पण तिथं तीन वर्ग आणि ४२ विजेते. आणि कॅलिफोर्निया? जवळपास चार कोटी माणसं, आणि बेकर्सफील्डला होणाऱ्या राज्य स्पर्धेत सगळ्या शाळांना मिळून एकच तक्ता, एका वजनाला एकच विजेता! म्हणजे आयोवातल्या पोराला राज्यविजेता म्हणवून घ्यायची जी संधी आहे, तिच्यापुढं कॅलिफोर्नियातल्या पोराची संधी म्हणजे सुईच्या नेढ्यातून उंट.

मग बरोबर कोण? ते समजायला आधी एक गंमत कळायला हवी. या शाळकरी कुस्तीचे खरं तर दोन खेळ आहेत. एक आपल्या ओळखीचा, मल्लाविरुद्ध मल्ल. दुसरा ‘ड्युएल’, म्हणजे शाळेविरुद्ध शाळा. दोन्ही संघ समोरासमोर बसतात, प्रत्येक वजनाचा एकेक गडी मॅटवर येतो आणि गुण संघाच्या खात्यात जमा होतात. साध्या विजयाला ३, मोठ्या फरकानं जिंकलं तर ४, तांत्रिक वर्चस्वावर ५ आणि चितपटीला ६. आता खरी मेख ऐका. एखाद्या वजनात तुमच्याकडं पोरगंच नसेल, तर समोरच्याला कुस्ती न खेळताच ६ गुण! छोट्या शाळेनं १४ पैकी ९ वजनांत गडी उभे केले, तर पाच रिकाम्या जागांचे ३० गुण फुकटात गेले. ते फेडायला पाच कुस्त्या चितपट करायच्या, तेव्हा कुठं बरोबरी, आणि हातात उरल्या चारच कुस्त्या. इथं शाळेचा आकार स्वतःच मॅटवर उतरून कुस्ती खेळतो! म्हणून संघांची लढत आकारानुसार वाटलीच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात आता तिळमात्र शंका नाही. आणि इंडियानाच्या कुस्ती प्रशिक्षकांची संघटना संघांच्या ड्युएल स्पर्धा नेमक्या तशाच वर्ग पाडून घेते. वैयक्तिक स्पर्धा एकच, सांघिक मात्र वर्गवार. हे कळलं तेव्हा मी खुर्चीतून उठून येरझाऱ्याच घालायला लागलो.

वैयक्तिक कुस्तीत तसं नाही. १०६ पौंडांपासून २८५ पौंडांपर्यंत १४ गट पाडले, तिथंच निम्मा न्याय झाला. मॅटवर दोघंच. मागं शाळेत ५,००० मुलं असोत की १५०, कुणी येऊन पट काढून देत नाही. भाच्याचं म्हणणं हेच. पण त्याच्याच बरोबरच्या एका लहान शाळेतल्या जाडजूड पोरानं मला दुसरी बाजू दाखवली. हा २८५ पौंडांच्या गटात खेळतो, आणि त्याच्या सरावाला शाळेत त्या वजनाचा दुसरा कुणी नाही. मग काय, प्रशिक्षकालाच खाली पाडायचं, नाहीतर आपल्यापेक्षा ४० किलोनं हलक्या मित्राशी झटायचं! तालमीत जोडच नसली तर मल्ल घडणार कसा, हे आपल्या कुठल्याही वस्तादाला विचारा. मोठ्या शाळेत एकेका वजनाला तीन-तीन, चार-चार पोरं, रोज खोलीतच जुंपते, आणि बाहेरच्या स्पर्धेत जाईपर्यंत पोरगं तासून निघालेलं असतं. म्हणजे वजन सारखं असलं तरी वर्ष सारखं नसतं!

बरं, वर्ग पाडायचे ठरवले तरी आकार मोजायचा कसा? इथं तर अमेरिकन डोक्याची कमाल आहे. मिशिगन म्हणतं, कुस्ती खेळणाऱ्या शाळा पटसंख्येनुसार लावा आणि चार समान तुकडे करा, विषय संपला. इलिनॉय म्हणतं, खासगी शाळा कुठल्याही भागातून मुलं आणू शकतात, म्हणून त्यांचा पट १.६५ नं गुणा! इंडियानानं तर बाकीच्या सांघिक खेळांसाठी यशालाच वजन लावलंय. दोन वर्षांत ठरावीक यशगुण मिळवलेत की तुमची शाळा वरच्या वर्गात. म्हणजे फार जिंकलात? चला, आता मोठ्यांशी लढा!

आणि तरीही आकडे फसतात. इव्हान्सव्हिलची मेटर दे ही छोटी कॅथलिक शाळा इंडियानाच्या एकाच खुल्या स्पर्धेत भल्याभल्या शाळांना मागं टाकून अनेकदा राज्याची संघविजेती झालीय. ओहायोतल्या सेंट पॅरिस नावाच्या चिमुकल्या गावची ग्रॅहम शाळा बघा. वर्षानुवर्षं आपल्या वर्गात तिनं कुणाला उभंच राहू दिलं नाही, आणि टोकियो ऑलिंपिकचा सुवर्णविजेता डेव्हिड टेलर याच शाळेतून चार वेळा राज्यविजेता होऊन बाहेर पडला. पटावर लहान, मॅटवर राक्षस! कारण मल्ल शाळेच्या हजेरीपटावर घडत नाही. तो घडतो गावच्या क्लबात, बापाच्या नादानं, पाचव्या-सहाव्या वर्षापासून. आपल्याकडंही शालेय स्पर्धेच्या यादीत पोराच्या नावापुढं हायस्कूल लिहिलेलं असतं, पण मैदानावर विचारतात, “कुठल्या तालमीचा?”

इंडियानावाले वर्गांचं नाव काढलं तरी एवढे तापतात का, याचंही उत्तर मला सापडलं आणि ते कुस्तीत नाही, बास्केटबॉलमध्ये आहे. १९५४ साली १६१ विद्यार्थ्यांच्या मायलन शाळेनं राज्याच्या अंतिम सामन्यात बलाढ्य मन्सी सेंट्रलला ३२-३० असं हरवलं. शेवटच्या क्षणी बॉबी प्लम्पनं टाकलेल्या त्या बास्केटवर आजही तिथं लोक तासन्‌तास बोलतात. पुढं १९८६ मध्ये त्यावरून ‘हूझियर्स’ हा सिनेमा आला. एकाच स्पर्धेत सगळी शाळा-गावं असली तरच असला चमत्कार घडतो, ही तिथली श्रद्धा! आणि त्याच राज्यानं १९९७-९८ च्या हंगामापासून बास्केटबॉलचे चार वर्ग पाडले. जुन्या लोकांची ती जखम अजून भरलेली नाही. कुस्तीची वैयक्तिक स्पर्धा मात्र एकसंध राहिली, म्हणून तिला ते असे जिवापाड जपतात. पण हेही खरं की मायलन दर वर्षी घडत नाही. एका मायलनच्या गोष्टीवर शेकडो लहान शाळांनी दर वर्षी पहिल्याच फेरीत बाहेर पडायचं, हे काही फार उदार गणित नव्हे.

मी अगदी या पेचात अडकलो होतो, आणि तेवढ्यात न्यू इंग्लंड सापडलं! कनेक्टिकटमध्ये शाळांचे आकारानुसार चार वर्ग आहेत. प्रत्येक वर्गाची स्वतंत्र स्पर्धा, प्रत्येकाचे विजेते. आणि त्यानंतर? त्यानंतर ‘स्टेट ओपन’! चारही वर्गांतले वरचे मल्ल एकाच तक्त्यात, मोठी शाळा-छोटी शाळा काही नाही, राज्याचा खरा एक नंबर कोण ते ठरवा. मॅसॅच्युसेट्समध्येही तेच. तिन्ही विभागांच्या स्पर्धा आधी आणि ‘ऑल-स्टेट’ नंतर. त्याच्याही वर सहा राज्यांची न्यू इंग्लंड स्पर्धा. म्हणजे ज्या प्रश्नावर एवढी राज्यं दोन टोकांना उभी आहेत, त्याचं उत्तर या छोट्या राज्यांनी देऊन ठेवलंय!

आणि भाच्याला मी आनंदानं ओरडूनच सांगितलं, “अरे, ही तर आपली महाराष्ट्र केसरी!” आपण नाही का, मातीवरचे मल्ल वेगळे आणि गादीवरचे वेगळे ठेवत? दोन्हीकडं स्वतंत्र लढती होतात. मातीवर घासलेल्या पोराला पहिल्याच फेरीत गादीवाल्यासमोर फेकत नाही, प्रत्येकाला आपल्या जमिनीवर खेळून वर येऊ देतो. पण म्हणून दोन केसरी करत नाही! मातीचा विजेता आणि गादीचा विजेता शेवटी समोरासमोर उभे राहतात आणि चांदीची गदा एकाच्याच खांद्यावर जाते. आधी वाटा, मग भिडवा. वाटणीत पोरांचं भलं, भिडवण्यात खेळाचं.

भाचा मात्र सहज ऐकणारातला नव्हे. म्हणाला, हंगाम एका आठवड्यानं लांबणार, पोरांना पुन्हा वजन धरायचं, बर्फातून पुन्हा प्रवास, आणि वर्गाचं सोनं गळ्यात असलेला ओपनमध्ये पहिल्याच फेरीत हरला तर त्या सोन्याची किंमत काय राहिली? त्याचे पहिले तीन मुद्दे मी मान्य केले. त्याची सोय वेळापत्रक करणाऱ्यांनी करावी, रीजनलसारखी मधली एखादी पायरी गाळावी. चौथा मुद्दा मात्र मला मुळीच पटला नाही. मातीत पहिला आलेला मल्ल केसरीची कुस्ती हरला म्हणून त्याचं गाव मिरवणूक काढायचं थांबत नाही! उलट आपण सगळ्यांत मोठ्या शाळेच्या सगळ्यांत तगड्या पोराशी झुंजलो, हे त्याला आयुष्यभर सांगता येतं. आज मिशिगनमधल्या ५६ विजेत्यांपैकी एका वजनाचे चौघं डेट्रॉइटच्या फोर्ड फील्डवर, एकाच छपराखाली सुवर्ण जिंकतात, आणि तिथं एकमेकांशी न भिडताच आपापल्या घरी जातात. चौघंही पंचवीस-तीस पावलांवर उभे, आणि त्यांच्यात भारी कोण हे कुणी विचारतच नाही! मला तर हे बघूनच हात शिवशिवायला लागतात.

तेव्हा माझं मत आता पक्कं झालंय. संघांच्या ड्युएल लढती आकारानुसार वाटा, कारण तिथं रिकाम्या जागेचे ६ गुण खरोखरच गरिबाला मारतात. वैयक्तिक स्पर्धेतही आधी वर्ग असू द्या, म्हणजे ज्याला सरावाला जोड मिळत नाही त्या पोरालाही निदान एकदा व्यासपीठावर चढता येईल. पण हंगाम तिथं संपवू नका. प्रत्येक वजनातले वर्गविजेते एकदा एकत्र आणा आणि एकच नाव राज्याच्या माथ्यावर लावा. इंडियानानं एक पायरी जोडावी, मिशिगननं एक, आयोवा-ओहायोनंही एक. आणि ते जमलं, तर त्या शेवटच्या रात्रीची तिकिटं काढायला रांगेत पहिला मी!