दहापैकीं आठ

उत्तरपत्रिकांना गुण देण्यांत ज्याचें अर्धें आयुष्य गेलें, त्याला स्वतःच गुण देणारा एखादा कोश भेटावा, यासारखा आनंद नाहीं. मला तो गेल्या श्रावणांत भेटला. त्याचें नांव पेड्रो. नांव ऐकून कोणा स्पॅनिश गृहस्थाची आठवण व्हावी. परंतु तें इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें जुळवून केलेलें आहे. सिडनी येथील कांहीं फिजिओथेरपिस्टांनीं १९९९ सालीं हा कोश इंटरनेटवर सुरू केला. लुळा पडलेला हात, आखडलेला गुडघा, धरलेली कंबर यांवर जगांत जे व्यायाम व उपचार पद्धतशीर चाचण्यांनीं पारखले गेले, त्यांच्या साठ हजारांहून अधिक नोंदी त्यांत आहेत, आणि त्या कोणालाही फुकट पाहतां येतात. प्रत्येक चाचणीपुढें दहापैकीं गुण मांडलेले असतात. अशा कोशावर प्राध्यापकाचा जीव जडला नाहीं तरच नवल!

तो माझ्या हातीं कसा आला, हें सांगावयास हवें. आम्ही तळवड्यास राहतों. एकीकडे देहू, इंद्रायणीच्या पलीकडे चाकणचे कारखाने, आणि मध्यें आमचें हें गांव. येथें सॉफ्टवेअर पार्कच्या कांचेच्या इमारतींपासून थोड्याच अंतरावर पत्र्याच्या शेडमधलीं वर्कशॉपें धडधडत असतात. तसल्याच एका शेडमध्यें माझ्या थोरल्या बंधूंनीं, दादांनीं, चौतीस वर्षें लेथ चालविली. ते लोखंड कापीत, आणि त्यांच्या ओव्हरटाइमच्या पैशांवर मी पुण्यास शेक्सपियर वाचीत असें. गेल्या चैत्रांत त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा परतली, पाय ओढीत कां होईना, चालणें सुरू झालें, उजवा हात मात्र मांडीवर ठेवला तर मांडीवर, उशीवर ठेवला तर उशीवर, असा परक्यासारखा पडून राही.

आठवड्यांतून तीनदां एक तरुण फिजिओथेरपिस्ट घरीं येत असे. एके दिवशीं तिनें कांहीं शंका आली म्हणून मोबाइलवर हा कोश उघडला, आणि मीं कुतूहलानें डोकावलों. मीं विचारलें, "या व्यायामांना दहापैकीं दहा कां मिळत नाहींत? आठाच्या पुढें कोणी जातच नाहीं!"

ती हंसून म्हणाली, "सर, त्यांतले दोन गुण अशासाठीं असतात कीं, कोणता उपचार चालू आहे तें रोग्याला कळूं नये आणि उपचार करणाऱ्यालाही कळूं नये. औषधाच्या जागीं साखरेची गोळी देतां येते. पण हात उचलणाऱ्याला आपण हात उचलतों आहों हें कळूं न देणें कसें जमणार?"

हें उत्तर मला इतकें आवडलें कीं, त्या रात्रीं मी एक वाजेपर्यंत तो कोश चाळीत बसलों. पुढें रोजच बसूं लागलों. महिन्याभरांत माझी अशी समजूत झाली कीं, यांत आतां आपल्याला न कळण्यासारखें कांहीं उरलें नाहीं. ज्याला मेटाफिजिकल कवी उलगडतात त्याला मनगटाचे स्नायू काय जड? मीं त्या मुलीला सांगितलें, "आतां पंधरा दिवसांतून एकदां आलांत तरी चालेल, बाकीचें मी पाहीन." त्यांत पैशांचा विचार थोडा होता, अहंकार पुष्कळ होता. ती एवढेंच म्हणाली, "सर, तो कोश आमच्यासाठीं केलेला आहे." मला वाटलें, बिचारीला आपली फी बुडाल्याचें वाईट वाटलें.

मग माझा कारभार सुरू झाला. २००६ सालीं प्रसिद्ध झालेली एक अमेरिकन चाचणी मला सांपडली. अर्धांगवायू झालेल्या २२२ रोग्यांवर ती केलेली होती. त्यांतल्या कांहींचा चांगला हात जागेपणीं बहुतेक वेळ जाड मोज्यांत अडकवून ठेवीत, म्हणजे दुबळ्या हाताला काम करणें भाग पडे. दोन आठवड्यांच्या अशा सक्तीचा गुण वर्षानंतरही दिसला. मी हर्षभरित झालों. दुसऱ्याच दिवशीं दादांचा डावा हात मीं कापडी पिशवींत घालून बांधून टाकला.

दुपारीं घरीं आलों तों जेवणाचें ताट तसेंच होतें. दादा भिंतीकडे तोंड करून बसले होते. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, सकाळपासून पाण्याचा पेलासुद्धां उचलतां आला नाहीं त्यांना. मीं भरवतें म्हटलें तर तोंड फिरवतात. सोडा ती पिशवी." मीं त्यांना चाचणीचे आंकडे सांगूं लागलों. त्या ऐकून घेऊन आंत निघून गेल्या. पदर डोळ्यांना लावलेला मला दिसला.

पिशवी सोडली, पण मनांतून मी हटलों नव्हतों. घरच्या माणसानें केलेले उपचारही फलदायी होतात, याला पुरावा काढून वहिनींना दाखवावा, या ईर्ष्येनें मी पुन्हां कोश उघडला. पुरावा मिळाला, आणि तोही थेट आपल्या देशांतला! भारतांतील चौदा रुग्णालयांतल्या १२५० रोग्यांवर झालेली ही चाचणी २०१७ सालीं 'लॅन्सेट'मध्यें प्रसिद्ध झाली. निम्म्या रोग्यांच्या घरच्या माणसांना नेहमीच्या उपचारांखेरीज व्यायाम करवून घेण्याचें शिक्षण दिलें होतें. उरलेल्यांचे नेहमीचे उपचार तेवढे चालू होते. सहा महिन्यांनीं पाहिलें तों मृत्यु पावलेले वा परावलंबी राहिलेले रोगी एका बाजूला शेंकडा ४७, आणि दुसऱ्या बाजूलाही शेंकडा ४७.

मी तो आंकडा दोनतीनदां वाचला. एखाद्या विद्यार्थ्यानें आपलाच निकाल सूचनाफलकावर वाचावा, तसा.

तें दादांपासून लपवावें असें क्षणभर वाटलें. पण ज्या हातावर मी प्रयोग करीत होतों तो त्यांचा होता. संध्याकाळीं मीं सगळें सांगितलें. ते बराच वेळ गप्प राहिले. मग सावकाश, एकेक शब्द जुळवीत म्हणाले, "अरे, लॉट तपासतात ना, तो लॉट कसा आहे हें कळायला. पण नग हातांत आला कीं त्याला गेज लावूनच बघावं लागतं. तूं माझ्या हाताला गेज लावलंस का कधीं?"

लावलें नव्हतें. मीं चाचणी वाचली होती, हात पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशीं त्या मुलीला फोन करून मीं क्षमा मागितली आणि पूर्वीप्रमाणें येण्याची विनंती केली. ती आली. पिशवीची हकीकत ऐकून ती रागावली नाहीं, तिनें दादांचें मनगट हातांत घेऊन तें किती उचलतें तें मोजलें आणि म्हणाली, "सर, त्या चाचणींत घेतलेल्या रोग्यांचें मनगट आणि बोटें थोडीं तरी स्वतःहून उघडत होतीं. शिवाय रोज कित्येक तास त्यांच्याकडून सराव करवून घेणारीं शिकलेलीं माणसें समोर होतीं. दादांचें मनगट अजून तेवढें उचलत नाहीं." ही अट मीं वाचलेल्या लेखांतही होती. परीक्षेच्या दालनांत घाईघाईनें प्रश्न वाचणाऱ्या मुलांना मी तीस वर्षें ज्या चुकीबद्दल रागें भरत आलों, ती हीच.

"आणि ती दुसरी चाचणी?" मीं विचारलें. "म्हणजे मी केलें तें सारें फुकट?"

"व्यायाम फुकट असें ती म्हणत नाहीं, सर. घरच्या माणसांना शिकवून अधिक फायदा झालेला दिसला नाहीं, एवढेंच ती म्हणते. तुम्ही जवळ बसत जा. त्यांना तें आवडतें."

तेव्हांपासून मी जवळ बसतों. कोश अजूनही उघडतों. पण उत्तरें काढण्यासाठीं नव्हे, तिला विचारावयाचे प्रश्न काढण्यासाठीं. तिनें पिळावयास दिलेला रबरी चेंडू दादांना मुळींच आवडला नाहीं. त्यांनीं वहिनींकडून माळ्यावरची जुनी पेटी काढविली आणि तींतला एक मोठा नट-बोल्ट घेतला. तिनें तो पाहून मान डोलाविली. आतां संध्याकाळीं डाव्या हातांत बोल्ट धरून उजव्या हातानें नट फिरविण्याचा त्यांचा उद्योग चालतो. बोटें घसरतात, नट खालीं पडतो. मी तो उचलून देतों. परवां तो अर्धा आटा पुढें सरकला. दादांनीं तो दिव्याजवळ नेऊन निरखून पाहिला. किती गुण द्यावेत हें मीं त्यांच्यावरच सोंपविलें. ते म्हणाले, "अजून पास नाहीं." आणि पुन्हां नट फिरवूं लागले.