गुजराती गल्लीचं देणं

हैदराबादेतल्या काचीगुड्याच्या आमच्या घरात गाणं म्हणजे आईचा रेडिओ. 'नागिन'ची पुंगी लागली की आम्ही भावंडं काम सोडून ऐकत बसायचो. १९५४ सालच्या त्या चित्रपटातली पुंगी पुंगी नव्हतीच, कल्याणजींनी ती क्लॅव्हायोलिन या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या वाद्यातून काढली होती, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. विजेच्या यंत्राने मला लहानपणीच फुंकेचा भास दिला होता. तो आवाज बनतो कसा, याचं कुतूहल तेव्हापासून मागे लागलं.

इंजिनिअरिंगच्या दिवसांत चरणजित सिंग यांची दहा रागांची तबकडी हाती आली. चित्रपटांच्या वाद्यवृंदात उभं आयुष्य घालवलेल्या या वादकाने १९८२ मध्ये रोलंडची तीन यंत्रं घेतली. ज्युपिटर-८ वर रागाची सुरावट, टीबी-३०३ वर खर्ज आणि टीआर-८०८ वर ठेका. एचएमव्हीने तबकडी काढली, पण ती फारशी कुणी ऐकली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा जगाचं लक्ष गेलं. ॲसिड हाउस या नृत्यसंगीताची सुरुवात मानलं जाणारं शिकागोचं 'ॲसिड ट्रॅक्स' १९८७ चं, म्हणजे आपले चरणजित पाच वर्षं आधी, असा वाद लोक घालतात. मला त्या वादात रस नाही. यंत्रावर यमन, भैरव, मालकंस वाजवताना त्या माणसाने रागाचा मान राखला, हे मला फार मोठं वाटतं. त्यांनी मला दिशा दिली. २०१५ मध्ये ते गेले. त्यांना भेटून हे सांगायचं राहून गेलं.

मग मी लॅपटॉपवर तसा लीड, म्हणजे सुरावट वाजवणारा मुख्य आवाज, बांधायला बसलो. दोन सॉ-टूथ ऑसिलेटर, एक दुसऱ्यापेक्षा किंचित चढा, पुढे वरचे स्वरांश कापणारा फिल्टर. आवाज भरदार झाला. राग मात्र त्यात बसेना, आणि का बसत नाही हे मला समजत नव्हतं.

ते समजलं कोठीच्या गुजराती गल्लीत. हैदराबादेत इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग हवे असले की माणूस याच गल्लीत येतो. तिथे एका चाचांचं कीबोर्ड दुरुस्तीचं दुकान होतं. तरुणपणी ते ऑर्केस्ट्रात वाजवायचे. त्यांनी माझा यमन हेडफोन लावून शांतपणे ऐकला आणि म्हणाले, "आवाज अच्छा है बेटा, मगर सुर पे जाके टकराता. मींड ऐसी नक्को."

त्यांनी नऊ व्होल्टची बॅटरी घेतली. दहा किलोओहमचा रेझिस्टर आणि शंभर मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला, त्यावर काट्याचा जुना मीटर लावला. काटा साडेपाच-सहा व्होल्टपर्यंत झपकन गेला. पुढे त्याची चाल मंदावत गेली, आणि नऊच्या जवळ तर तो सरकतोय की थांबलाय हे कळेना. "देखो, पहुँचते वख्त आहिस्ता होता," चाचा म्हणाले.

जुन्या ॲनालॉग सिंथेसायझरमध्ये स्वर म्हणजे व्होल्टेज. मिनीमूगसारख्या यंत्रात एक व्होल्ट वाढला की स्वर एक सप्तक चढतो. अर्ध्या स्वराला ८३ मिलिव्होल्टच्या आसपास. दोन स्वरांमधली घसरण ही तशाच कपॅसिटरचं भरणं-रिकामं होणंच असते. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये ती सरळ रेषेत चालली होती. घरी येऊन मी तिला त्या काट्याच्या चालीचा वक्र दिला. पंचमावरून गंधारावर येणारी मींड त्या रात्री पहिल्यांदा गळ्यातून आल्यासारखी वाटली. गेली कित्येक वर्षं लीड बांधण्याच्या ज्या कामावर मी जगतो, ते तिथून सुरू झालं.

दुसरा धडा उन्हाळ्यातला. दुरुस्तीला आलेलं एक यंत्र उघडून चाचांनी मला ट्रान्झिस्टरच्या जोडीवर चिकटवलेला एक छोटा रेझिस्टर दाखवला. पारा एक अंशाने चढला की स्वरांमधली अंतरं साधारण ०.३३ टक्क्यांनी आकसतात. तो रेझिस्टर ते सावरून घेतो, पण पुरतं नाही. "पहले मशीन कू गरम होने दो, फिर सुर मिलाओ," असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावत. हल्ली 'व्हिंटेज' म्हणून लीडला भरमसाट डगमग देतात, ते मला पटत नाही. ती यंत्रं करणारे आणि दुरुस्त करणारे सूर स्थिर राहावा म्हणून झिजले. मी प्रत्येक ऑसिलेटरला वेगळी, अगदी संथ आणि कानाला जेमतेम कळेल एवढीच हालचाल देतो. त्यांच्या कष्टाचा मान त्यात राहतो, असं मला वाटतं.

चाचांनी शिकवण्याचे पैसे कधी घेतले नाहीत. विषय काढला की चहा मागवायचे. आता दुकान त्यांचा मुलगा बघतो. माझ्याकडे लीड शिकायला येणाऱ्या मुलांना मी आधी त्याच्याकडे रेझिस्टर-कपॅसिटर आणायला धाडतो. सामानाचे पैसे तो चोख घेतो, पण मीटर लावून काटा दाखवल्याशिवाय पोरांना सोडत नाही.