घाम गाळावा, पण किती?

मैत्रिणींनो, "आम्हाला कशाला हवा वेगळा व्यायाम? दिवसभर राबतोच की!" हे वाक्य आपण प्रत्येकीने कधी ना कधी म्हटलेलं असतं. मग एखाद्या लग्नाच्या वेळी जुनं ब्लाऊज अंगात शिरत नाही नि आपण एकदम जाग्या होतो. दुसऱ्या दिवसापासून पहाटे पळणं, टेकडी चढणं, दोरीवरच्या उड्या! आठ दिवसांत पाय धरतात, अंग मोडून येतं आणि सगळा उत्साह थंडावतो.

माझ्या धाकट्या जाऊबाईंचं असंच झालं. त्यातच त्यांना कुणीतरी सांगितलं, जोराच्या व्यायामाने शरीरात 'फ्री रॅडिकल्स' वाढतात, तेव्हा 'सी' आणि 'ई' जीवनसत्त्वांच्या गोळ्या सुरू करा. "ताई, म्हणजे व्यायाम वाईटच की काय हो?" त्यांनी मला विचारलं. मी शाळेत मराठी शिकवते, विज्ञान नव्हे. पण प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून वाचून काढलं.

चुलीत लाकूड जळलं की ठिणग्या उडायच्याच. आपल्या पेशींतही प्राणवायूवर अन्न जळतं, तेव्हा अशा ठिणग्या उडतात. तेच हे फ्री रॅडिकल्स. ते वाढले तर पेशींना इजा करतात. १९८२ साली कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी उंदरांना पार थकेपर्यंत पळवलं, तेव्हा त्यांच्या स्नायूंत नि यकृतात हे प्रमाण दुप्पट-तिप्पट झालेलं आढळलं.

पण गंमत पुढेच आहे. ठिणग्या विझवणारी द्रव्यं शरीर स्वतःच तयार करतं. रोज बेताचा व्यायाम केला, की थोड्या ठिणग्या उडतात, शरीर सावध होतं आणि ही द्रव्यं जास्त बनवू लागतं. सवय नसताना एकदम झेप घेतली, तर मात्र ही तयारी अपुरी पडते. अति तिथे माती म्हणतात ते हेच!

आणि गोळ्या? २००९ साली जर्मनीत काही तरुणांकडून चार आठवडे व्यायाम करून घेतला. निम्म्यांना रोज 'सी' आणि 'ई'च्या मोठ्या मात्रा दिल्या. गोळ्या न घेणाऱ्यांच्या शरीरात इन्सुलिनचं काम सुधारलं, गोळ्या घेणाऱ्यांत ती सुधारणा दिसलीच नाही. ठिणगी आधीच विझली, तर शरीराला जाग कशी यावी? डॉक्टरांनी दिलेलं औषध मात्र मनाने बंद करू नका हं. एरवी आवळा, पेरू, लिंबू, पालेभाजी आपल्या ताटात असू द्या.

बेताचा व्यायाम ओळखायचा कसा? चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतपत दम लागावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगितली आहेत. म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. सुरुवात दहा मिनिटांनी केली तरी चालेल. वेग हळूहळू वाढवा. हृदयाचा, सांध्यांचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

खरी अडचण वेगळीच आहे, हे तुम्ही जाणताच. डबे, दूध, नळाचं पाणी यांतून हा अर्धा तास आपल्याला कुणी आपणहून देत नाही. तो मागावा लागतो. एका वेळचा चहा घरातल्या दुसऱ्या कुणी केला, तर काही बिघडत नाही. मागून तर बघा!