पगारी चित्रकारांचा साहेब

'नोकरी कुठे करतेस?' या प्रश्नावर 'फ्रीलान्स' असं उत्तर दिलं की समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. 'म्हणजे सध्या घरीच?'

तर सध्या माझ्या हातात एक ऑफर आहे. फिक्स पगार, पीएफ, सगळं. फक्त स्वतः लिहायचं नाही, दुसऱ्यांकडून लिहून घ्यायचं. त्यांच्या मागे लागायचं, बिलं पास करायची. मित्रमंडळींचं मत एकच, 'घे की यार!' माझं मात्र तळ्यात-मळ्यात चाललंय. त्यातच वाचनात आला बर्गोइन डिलर.

डिलर न्यूयॉर्कचा चित्रकार. माँद्रियानच्या सरळ रेषा आणि चौकोनांनी झपाटलेला. 1930च्या दशकातल्या महामंदीत लाखो लोक बेकार झाले. पोटाची मारामार असताना चित्रं विकत घेणार कोण? 1935 मध्ये रूझवेल्ट सरकारने 'फेडरल आर्ट प्रोजेक्ट' सुरू केला. चित्रकारांना चक्क आठवड्याचा पगार! न्यूयॉर्कमध्ये साधारण 24 डॉलर. तिथला म्युरल विभाग डिलरच्या गळ्यात पडला. ऑक्टोबर 1964 मध्ये त्याने एका मुलाखतीत या दिवसांच्या आठवणी रेकॉर्ड केल्या. पुढच्याच जानेवारीत तो गेला.

ऐकायला ड्रीम जॉब, पण शेवटी सरकारी खातं! बहुतेक चित्रकारांना आधी आपण खरंच कफल्लक आहोत हे सिद्ध करावं लागे. मग एखाद्या शाळेने, हॉस्पिटलने भिंत द्यायची. मग स्केच शहराच्या आर्ट कमिशनकडून पास व्हायचं. त्यात लोकांना हवे असायचे ओळखीचे देखावे : शेतकरी, कामगार, इतिहास. आणि डिलरचे मित्र काढायचे त्रिकोण, चौकोन आणि वर्तुळं.

तरीही त्याने ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्ग वसाहतीत अमूर्त म्युरल्स आणलीच. त्याचा मुद्दा साधा होता. या खोल्या भाडेकरूंच्या विरंगुळ्यासाठी आहेत, तिथे मोकळे रंग जास्त आराम देतील. सॉलिड लॉजिक! स्वतःच्या आवडीची वकिली करताना समोरच्याची सोय पुढे करायची, हे कुठल्याही एमबीए कॉलेजात शिकवण्यासारखं आहे.

पुढे त्या भिंतींवर कुणीतरी रंग फासला. 1980च्या दशकात बोलोटोव्स्की, ग्रीन, केल्पी आणि स्विंडन यांची म्युरल्स त्या थरांखालून बाहेर काढली गेली, आता ती ब्रुकलिन म्युझियमकडे आहेत. गॉर्कीची नेवार्क विमानतळावरची 10 पॅनेल्स एवढी नशीबवान नव्हती, त्यातली दोनच हाती लागली. 1943 मध्ये प्रोजेक्ट गुंडाळला गेला आणि न्यूयॉर्कमधले कॅनव्हासचे ढीग चक्क वजनावर भंगारात गेले.

मग या खटाटोपातून उरलं काय? जॅक्सन पोलॉक, मार्क रॉथ्को, ली क्रॅस्नर. तिघंही याच प्रोजेक्टच्या पगारावर होते. जग ओळखतं ती त्यांची चित्रं त्यांनी नंतर काढली, पण तोवर तग धरायला दर आठवड्याचे ते डॉलर होते. आणि ते हातात पडावेत म्हणून कुणीतरी स्वतःचा ब्रश खाली ठेवून फाइली पुढे सरकवत होतं.

मला डिलरचं हे साहेबपण फार भावलं. माझ्या एका लेखाचं पेमेंट पाच महिने अडकलं होतं. लेख आवडला होता म्हणे, फक्त व्हाउचर कुणाच्या तरी टेबलावर पडून होतं. त्या टेबलामागे लिहिणारं माणूस बसलेलं असतं तर?

ऑफरबद्दल माझं अजून ठरलेलं नाही. लिहिणं सुटेल ही भीती आहेच, आणि ती खोटी नाही. पण पुढच्या आठवड्यात त्यांना भेटायला जाईन, तेव्हा पगाराच्या आधी एक प्रश्न विचारणार आहे. तुमच्याकडे लेखकांचे पैसे किती दिवसांत देतात? आणि ते लवकर देण्याचा अधिकार माझ्याकडे असेल का?

उत्तर 'हो' आलं, तर खुर्ची वाईट नाही.