मोटारसायकलची हिंवाळी विश्रांति

सुमारें ३,५०० मीटर उंचीवरील लेह येथें आम्ही राहावयास आल्यापासून आमची मोटारसायकल दर हिंवाळ्यांत घरींच असते. दुपारीं ऊन पडलें कीं मन एक फेरी मारूं म्हणतें. परंतु सावलींतील वळणावरचा बर्फाचा पातळ थर डोळ्यांस दिसत नाहीं, व त्यावर दोन चाकांचा तोल राहात नाहीं. ओलाव्यानें टाकीस आंतून गंज चढूं नये म्हणून आम्ही ती पेट्रोलनें गळ्यापर्यंत भरून ठेवतों. शिशाची बॅटरी काढून, विजेनें पूर्ण भरून, घरांत आणतों. कारण भरलेल्या बॅटरींतील आम्ल लेहच्या थंडींतहि गोठत नाहीं. उतरलेल्या बॅटरींतील मात्र गोठून पेटी फुटण्याचें भय असतें. मुलांनो, थांबविणें म्हणजे टाकून देणें नव्हे. हिंवाळ्यांत जो निगा राखतो, त्याचेंच वाहन वसंतांत पहिल्या हांकेस ओ देतें!